शुक्रवारच्या पत्रात न आलेलं मत

दर शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास आमच्या आमदारांचं पत्र येतं. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका राज्यात, विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात ते आमच्या मतदारसंघाचे प्रतिनिधी आहेत. पक्षाने रिपब्लिकन, आणि स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवून घेण्यात त्यांना अभिमान वाटतो. मी त्यांना दोनदा मत दिलंय, एकदा दिलेलं नाही. पत्र मात्र गेली सहा वर्षं नेमाने वाचतोय, कारण राजधानीत आमच्या नावाने काय चाललंय हे सांगणारं दुसरं कोणी आता फारसं उरलेलं नाही. २००५ पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडली. आमच्या काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, साप्ताहिक त्यातलंच एक.

मार्चमधल्या एका पत्राबद्दल लिहायचंय. पहिल्याच पानावर मोठा फोटो होता. स्वयंसेवक अग्निशामक दलाचा वार्षिक पॅनकेक नाश्ता, मागे लाल बंब, आमदारांच्या काखेत पिवळं हेल्मेट, आजूबाजूला पाच-सहा पोरं, त्यातल्या एकीच्या हनुवटीवर सिरप ओघळलेलं. फोटोखाली दोन ओळी: ‘रात्री-अपरात्री अंथरुणातून उठून धावणाऱ्या या शेजाऱ्यांचे आपण ऋणी आहोत.’ मग स्काउटमध्ये सर्वोच्च पद मिळवलेल्या एका मुलाचं अभिनंदन, वाचनालयाच्या छताचं काम पूर्ण झाल्याची बातमी, आणि एका निवृत्त शिक्षिकेवर लिहिलेला फार सुंदर परिच्छेद. त्यानंतर तीन परिच्छेद वॉशिंग्टनवर. देशाची सीमा, राष्ट्रीय कर्ज, दूरचित्रवाणीवर आठवडाभर गाजलेलं एक भांडण. शेवटी देवाचा आशीर्वाद आणि सही.

त्याच आठवड्यात, मंगळवारी संध्याकाळी, सभागृहात एका विधेयकावर मतदान झालं होतं. काउंटीला प्रॉपर्टी टॅक्समधून मिळणारं उत्पन्न वर्षाला किती वाढू द्यायचं, यावर मर्यादा घालणारं विधेयक. आमच्या आमदारांनी बाजूने मत दिलं. हे मला विधिमंडळाच्या संकेतस्थळावरच्या मतनोंदीत दिसलं. पत्रात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. आणि फोटोतला तो बंब, त्यातलं डिझेल, पाइप, धुरात घालायच्या श्वसनयंत्रांची दरवर्षीची तपासणी, हे सगळं त्याच काउंटीच्या करावर चालतं.

ते मत चुकीचं होतं असं मला म्हणायचं नाही. या मर्यादेच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. आमच्या रस्त्याला एक वयस्कर जोडपं राहतं. जमिनीचं मूल्यांकन वाढत गेलं, उत्पन्न होतं तिथेच राहिलं, आणि कराच्या बिलापायी चाळीस वर्षांचं घर विकावं का, याचा ते गेली दोन वर्षं विचार करताहेत. अशा माणसांच्या बाजूने उभं राहणं हा कॉन्झर्व्हेटिव्ह राजकारणाचा जुना आणि प्रामाणिक भाग आहे. माझी तक्रार एवढीच, की ज्या माणसांसोबत फोटो काढला त्यांच्याच पोटावर ज्या निर्णयाचा परिणाम होणार, तो निर्णय त्याच पत्रात सांगितला नाही. ज्यावर आमच्या आमदारांना मतच नाही, त्या वॉशिंग्टनवर तीन परिच्छेद. आणि ज्यावर त्यांनी बटण दाबलं, त्यावर मौन.

पत्रातला गावकीचा मजकूर नुसता जागा भरण्यासाठी आहे, तो काढून टाका आणि फक्त कायद्यांचं लिहा, असं म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. अठराव्या शतकातले ब्रिटिश खासदार आणि विचारवंत एडमंड बर्क यांना आज सगळे कॉन्झर्व्हेटिव्ह आपले मूळपुरुष मानतात (हयातीत ते टोरींच्या विरोधातल्या व्हिग पक्षाचे होते). १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिताना त्यांनी म्हटलं होतं की माणसाचं सार्वजनिक प्रेम आपल्या जवळच्या छोट्या तुकडीपासून सुरू होतं. आधी तिच्यावर जीव जडतो, मग देशावर, मग मानवजातीवर. अग्निशामक दल, स्काउटची तुकडी, वाचनालय, चर्चचं तळघर, या त्याच छोट्या तुकड्या. अमेरिकेतल्या अग्निशामकांपैकी निम्म्याहून अधिक स्वयंसेवक आहेत, म्हणजे दिवसा गॅरेजमध्ये किंवा शाळेत काम करणारी माणसं. त्यांची दखल आमदारांनी घ्यायला हवीच. त्या निवृत्त शिक्षिकेवरचा परिच्छेद मी दोनदा वाचला. अशा माणसांचा राजकारणाशी जो संबंध येतो तो अर्थसंकल्पातून, करांतून आणि कायद्यातून येतो, आणि तो जोडून दाखवू शकेल असा माणूस मतदारसंघात एकच असतो. त्याने अर्धं सांगून अर्धं गिळलं, तर वाचणाऱ्याला वाटतं की समाज वेगळा आणि राजकारण वेगळं; समाज म्हणजे नाश्ता, आणि राजकारण म्हणजे दूरच्या कुणावर तरी चिडणं. ज्यांचा विचारच स्थानिक माणसांवर आणि स्थानिक संस्थांवर उभा आहे, त्यांच्या हातून हे व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं.

असली पत्रं अमेरिकेत प्रजासत्ताकाइतकीच जुनी आहेत. सुरुवातीच्या दशकांत अमेरिकी काँग्रेसचे सदस्य, विशेषतः दक्षिणेकडचे आणि पश्चिमेकडचे, अधिवेशन संपत आलं की छापील परिपत्रक मतदारांना पाठवत. कोणते कायदे झाले, तिजोरीत किती आलं, परराष्ट्रांशी काय चाललंय, मी काय केलं. टपालखर्च लागत नसे. तिकिटाच्या जागी सदस्याने सही केली की पत्र फुकट जाई. ही सवलत १७७५ मध्ये, स्वातंत्र्य जाहीर होण्याच्याही आधी, सुरू झाली होती.

व्हर्जिनियाचे प्रतिनिधी सॅम्युएल कॅबेल यांनी अशीच पत्रं लिहिली, त्यांत राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स यांच्या सरकारवर कडक टीका केली, आणि मे १७९७ मध्ये रिचमंडच्या संघीय ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) त्यांच्या पत्रांवर ठपका ठेवला. सुखात चाललेल्या सरकारविरुद्ध निराधार निंदा पसरवली जातेय, असा त्याचा आशय होता. थॉमस जेफरसन तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष होते आणि कॅबेल यांच्या मतदारसंघातले रहिवासीही. त्यांनी पडद्याआड राहून मतदारांच्या वतीने व्हर्जिनियाच्या विधिमंडळाकडे अर्ज लिहिला. मुद्दा सरळ होता: प्रतिनिधी आणि मतदार यांच्यातल्या पत्रव्यवहारात न्यायालयाने किंवा सरकारने हात घालायचा नाही, कारण तो मोकळा नसेल तर प्रतिनिधित्वाला अर्थ उरत नाही. कॅबेल यांच्यावर पुढे खटला चालला नाही, आणि १८०३ पर्यंत ते निवडून येत राहिले.

ही हकीकत मी मित्रांना बऱ्याचदा सांगतो. प्रतिनिधीचं पत्र ही केवळ जाहिरात असती तर त्यासाठी एवढं कोणी भांडलं असतं का? जेफरसन यांनी ज्यासाठी लेखणी उचलली ती गोष्ट आमच्यापर्यंत पोचताना हेल्मेट घातलेल्या फोटोपुरती उरावी, हे मला सोसत नाही.

संघीय पातळीवर या पत्रांना आज बरीच बंधनं आहेत. फुकट टपालाचा उपयोग निवडणूक प्रचारासाठी करता येत नाही. सणाच्या शुभेच्छांची कार्डं त्यातून पाठवायला कायद्यानेच मनाई आहे. निवडणुकीआधीच्या साठ दिवसांत घाऊक पत्रं पाठवता येत नाहीत, आणि हा मजकूर करदात्यांच्या खर्चाने तयार झालाय हे छापावं लागतं. नियम चांगले आहेत. पण ते बहुतेक काय लिहू नये याचे आहेत. आपल्या मतांबद्दल काय सांगितलंच पाहिजे, याचा एकही नाही. तो कायद्याने करावा असंही मला वाटत नाही. प्रतिनिधीने मतदारांना काय लिहायचं हे सरकारने ठरवायला लागणं म्हणजे रिचमंडची ज्युरी दुसऱ्या दाराने आत घेणं. ही जबाबदारी लिहिणाऱ्याने स्वतःहून घ्यायची असते, आणि न घेतल्यास आपण मागायची.

बर्क यांचं इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातलं भाषण लोकप्रतिनिधींना फार आवडतं. ३ नोव्हेंबर १७७४ रोजी निवडून आल्यावर ते मतदारांना म्हणाले, की प्रतिनिधी तुम्हाला नुसते कष्ट देणं लागत नाही, आपला विवेकही देणं लागतो. तुमच्या मतापुढे त्याने विवेकाचा बळी दिला तर तो तुमची सेवा करत नाही, विश्वासघात करतो. आमच्या आमदारांनीही एका पत्रात हे वाक्य घातलं होतं. बहुतेक जण तिथेच थांबतात: मी माझ्या विवेकाने मत देईन, तुम्ही विश्वास ठेवा. बर्क तिथे थांबले नव्हते.

१७७८ मध्ये आयर्लंडवरचे व्यापारी निर्बंध सैल करण्याचा प्रश्न संसदेत आला. ब्रिस्टल हे बंदर. तिथल्या व्यापाऱ्यांना आयरिश मालाची स्पर्धा नको होती, आणि त्यांनी आपल्या प्रतिनिधीला तसं कळवलं. बर्क यांनी निर्बंध सैल करण्याच्या बाजूने काम केलं. आणि मग गप्प बसण्याऐवजी ब्रिस्टलच्या सद्गृहस्थांना दोन लांब पत्रं लिहिली, एक एप्रिलच्या अखेरीस आणि एक मेच्या सुरुवातीला. पहिलं थेट तिथल्या व्यापारी संघाच्या प्रमुखाला. तुमच्या सांगण्याविरुद्ध मी का गेलो, आयर्लंड सुखी झालं तर तुमचा व्यापार का बुडणार नाही, अमेरिकेतल्या वसाहती हातातून चाललेल्या असताना आणखी एका देशाला दुखवणं का परवडणार नाही, हे सगळं त्यांत आहे. ज्याचं मत फिरवायचं त्याच्याच पत्त्यावर, तारीख घालून आणि सहीनिशी.

दोन वर्षांनी, सप्टेंबर १७८० मध्ये, निवडणुकीला उभं राहताना त्यांनी ब्रिस्टलच्या नगरसभागृहात, गिल्डहॉलमध्ये, स्वतःवरचे चार आरोप स्वतःच मोजून सांगितले: मतदारसंघात फिरकत नाही, आयरिश व्यापार, कर्जदारांना तुरुंगातून सोडवण्याविषयीचं विधेयक, आणि कॅथलिकांना दिलेली सवलत. एकेकाचं उत्तर दिलं. फिरकत नाही या आरोपावर म्हणाले, की तुमची सेवा करणं आणि तुमची मनधरणीही करणं, दोन्ही मला जमलं नसतं. जूनमध्येच लंडनमध्ये कॅथलिकविरोधी दंगली होऊन गेल्या होत्या. त्या हवेत चौथ्या आरोपाला तोंड देणं सोपं नव्हतं. निवडून येत नाही हे दिसल्यावर काही दिवसांतच त्यांनी माघार घेतली. ब्रिस्टल गेलं ते गेलंच. पुढे ते माल्टन नावाच्या छोट्या मतदारसंघातून संसदेत बसले.

म्हणजे या वाटेने जाण्याची किंमत असते. ती मी लपवत नाही. पण विवेकाचा हक्क सांगणाऱ्याने बर्क यांचं पहिलं भाषण घ्यायचं आणि पुढची पत्रं सोडायची, हे चालणार नाही. मतदाराच्या मनाविरुद्ध मत देण्याचा हक्क आणि त्याच मतदाराला कारण सांगण्याचं कर्तव्य एकाच गाठोड्यात येतात.

अमेरिकेत एक काळ असा होता की मत लपवायला पत्रात मौन पाळावंच लागत नसे. १९७० पर्यंत काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, प्रतिनिधिगृहात, दुरुस्त्यांवरची कित्येक महत्त्वाची मतदानं नावं न नोंदवता होत; सदस्य रांगेने मोजणाऱ्यांमधून पुढे सरकत, आकडा जाहीर होई आणि कोण कुठल्या रांगेत होतं हे कागदावर येत नसे. १९७० च्या कायद्याने ते बदललं. १९७३ च्या जानेवारीत इलेक्ट्रॉनिक मतदान आलं. राज्यांतही आता बहुतेक नोंदी संगणकावर बघता येतात. तेव्हा ‘माहिती तर उघडच आहे, ज्याला हवी त्याने बघावी’ असं उत्तर मिळतं. पण त्या नोंदीत काय असतं? विधेयकाचा क्रमांक, नाव, हो किंवा नाही. ‘हो’ का, ते नसतं. कुठली दुरुस्ती आधी मागितली होती, ती कोणी पाडली, कशावर तडजोड झाली, हेही नसतं. ते फक्त मत देणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि ते लिहायला त्याच्या हातात दर शुक्रवारी एक पान असतं.

जेराल्ड फोर्ड यांच्याकडे असं पान होतं. १९४९ पासून १९७३ पर्यंत, उपराष्ट्राध्यक्ष होईपर्यंत, ते मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्स भागाचे प्रतिनिधी होते आणि ‘तुमचा वॉशिंग्टन आढावा’ अशा अर्थाच्या मथळ्याचं पत्र मतदारांना पाठवत. त्या मथळ्यातला ‘तुमचा’ हा शब्द मला फार बरोबर वाटतो.

आणि टेक्सासचं एक उदाहरण, जे माझ्या मते प्रत्येक कॉन्झर्व्हेटिव्ह आमदाराने पाठ करावं. जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश १९६८ मध्ये ह्यूस्टनच्या एका सधन, बहुतांशी गोऱ्या मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. चार वर्षांपूर्वी सिनेटची निवडणूक लढवताना त्यांनी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला विरोध केला होता. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ४ एप्रिलला. १० एप्रिलला प्रतिनिधिगृहात, घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशावरून भेद करायला बंदी घालणाऱ्या विधेयकावर मतदान झालं, आणि बुश यांनी बाजूने मत दिलं. मतदारसंघातून संतापाच्या पत्रांचा आणि फोनांचा पाऊस पडला, धमक्याही आल्या. आठवडाभरात ते ह्यूस्टनला परतले आणि भरल्या सभेत उभे राहिले. सुरुवातीला हुर्यो झाली. त्यांनी बर्क यांचं तेच ब्रिस्टलचं वाक्य सांगितलं, पण नुसतं ढाल म्हणून नाही. व्हिएतनाममध्ये देशासाठी लढून आलेल्या माणसाच्या तोंडावर तो काळा आहे म्हणून दार बंद व्हावं, हे मला योग्य वाटत नाही, असं कारण त्याच सभेत, त्याच चिडलेल्या माणसांसमोर मांडलं. सभा संपताना लोक टाळ्या वाजवत उभे राहिले, असं बुश यांनीच पुढे नोंदवलं आहे. त्या नोव्हेंबरात त्यांच्याविरुद्ध कोणी उभंच राहिलं नाही.

सगळ्यांच्या वाट्याला असा शेवट येत नाही. बर्क यांच्या वाट्याला आला नाही. पण ‘मतदारांना कारण ऐकायचं नसतं, त्यांना बाजू हवी असते’ हे जे आजकाल सर्रास ऐकू येतं, त्याला ती सभा सरळ खोटं पाडते.

एप्रिलमध्ये आमच्या वाचनालयात आमदारांची खुली भेट होती. वीस-बावीस जण आले होते, दुमडत्या खुर्च्या, एक कॉफीचा थर्मास. सगळे पांगल्यावर मी गाठलं आणि त्या मताबद्दल विचारलं. ते टाळतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि दहा मिनिटं समजावून सांगितलं. कर वाढू देण्याचा मोह काउंटीला कसा होतो, त्यांच्या स्वतःच्या आईचं बिल किती वाढलं. मग म्हणाले, “अग्निशामक दलाला यातून वगळा अशी दुरुस्ती मी मागितली होती. आमच्याच पक्षाच्या बैठकीत ती पडली. मग पूर्ण विधेयक पाडायचं की आहे तसं घ्यायचं, एवढंच उरलं होतं.”

मी म्हटलं, “हे तुम्ही पत्रात का नाही लिहिलंत?”

“लोक फोटो बघतात,” ते म्हणाले. “ऑफिसातली मुलं सांगतात, लांब लिहिलं की कोणी वाचत नाही. आणि त्यातली एक ओळ उचलून पुढच्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध पत्रक निघेल.”

थर्मासमधली उरलेली कॉफी त्यांनी दोन कपांत ओतली. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल पूर्वीपेक्षा जास्त आदर वाटला आणि रागही जास्त आला. जे ऐकून मी त्यांच्या मताला जवळजवळ राजी झालो, ते मतदारसंघातल्या हजारो घरांपैकी फक्त मला ठाऊक होतं, आणि तेही मी त्या संध्याकाळी तिथे गेलो म्हणून. अग्निशामक दलाच्या प्रमुखाला ठाऊक नव्हतं. मी त्याला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे तो आमच्यासाठी भांडला होता?”

पत्रक निघेल ही भीती खरी आहे. ती मी हसण्यावारी नेत नाही; पक्षांतर्गत निवडणुकीत एका वाक्यावर माणसाचं राजकारण संपलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण मतनोंद तशीही उघडी आहे, आणि पत्रक काढणारा ती उचलणारच. फरक एवढाच पडतो की त्या दिवशी मतदाराच्या हातात आमदाराने आधी दिलेलं कारण असेल की नसेल. लोक लांब वाचत नाहीत म्हणावं, तर वॉशिंग्टनवरचे तीन परिच्छेद त्याच लोकांसाठी असतात. शिवाय मी एका वेळी चाळीस मतांचा खुलासा मागत नाही. अधिवेशनातली बरीचशी मतं एकमताची असतात, त्यांत सांगण्यासारखं काही नसतं. आठवड्यातलं एक मत, जे द्यायला सगळ्यात जड गेलं ते.

आमच्याकडे अधिवेशन संपायला पाच आठवडे आहेत. ग्रामीण शाळांच्या अनुदानाचं सूत्र बदलणारं विधेयक समितीतून बाहेर आलंय, आणि जमिनीखालून पाइपलाइन नेण्यासाठी खाजगी जमीन सक्तीने घेण्याचा प्रश्न पुन्हा पटलावर येणार आहे. तो तर असा आहे की मालमत्तेचा हक्क मानणारा कॉन्झर्व्हेटिव्ह आणि उद्योगाला मोकळीक देणारा कॉन्झर्व्हेटिव्ह एकाच माणसात भांडतील. ते भांडण मला वाचायचंय. मार्चच्या पत्राला मी उत्तर पाठवलंय, विधेयकाच्या क्रमांकासह. लिहिलंय की फोटो काढू नका, बंबाचा फोटो मला हवाच आहे. फक्त त्याच्याखाली चार ओळी घाला: या दलाला पुढच्या वर्षी किती पैसे कमी पडतील, त्यांच्यासाठी तुम्ही काय मागितलं होतं, ते कुठे पडलं, आणि तरीही तुम्ही ‘हो’ का म्हणालात.